गऱ्हाण्यातील ‘ऱ’ : संगणकीय दोषनोंदीचे भाषिक स्वरूप

संगणकाच्या आज्ञावलीत राहून गेलेल्या दोषास जगभर ‘बग’, म्हणजे किडा, हे नाव रूढ आहे. या नावाच्या उगमाची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या ‘मार्क टू’ या गणकयंत्राच्या एका रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला आढळला. तो नोंदवहीच्या पानावर डकवून ठेवण्यात आला आणि प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाचा शेरा त्याच्याजवळ लिहिण्यात आला. तथापि त्या शेऱ्यातील विनोद ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर उभा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा शब्द त्यापूर्वीच लाक्षणिक अर्थाने प्रचारात असला पाहिजे हे उघड होते. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो यंत्रातील खोड या अर्थाने आलेला आहे. मराठीच्या अभ्यासकास यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘यात काहीतरी गोम आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा एका बहुपाद जंतूचे नाव छुप्या वैगुण्यासाठी योजीत असतो. घोड्याच्या अंगावरील अशुभ मानलेल्या केसांच्या रेषेसही गोमच म्हणतात. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी या शब्दाकडे लक्ष दिले असते तर ‘बग’ला एक अस्सल देशी प्रतिशब्द आयताच मिळाला असता.

प्रस्तुत विवेचनाचा विषय दोषाची उत्पत्ती किंवा दुरुस्ती हा नाही. आज्ञावली वापरणारा मनुष्य तो दोष कोणत्या भाषेत सांगतो, त्या सांगण्याची नोंद कशी होते आणि पुढे तिचे काय होते, हा आहे. संगणकशास्त्रात या व्यवहाराकडे एक कारकुनी काम म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः ती एक स्वतंत्र भाषिक रचना असून तिला स्वतःची व्याप्ती, स्वतःचे संकेत आणि स्वतःच्या अडचणी आहेत. या अडचणी मराठीच्या बाबतीत विशेष तीव्र होतात. दोष अक्षराचाच असेल तर तो सांगण्याचे साधनही तेच सदोष अक्षर असते. आणि योगायोग असा की तक्रारीसाठी मराठीत जो ठेवणीतला शब्द आहे त्या ‘गऱ्हाणे’ या शब्दातच ते अक्षर आले आहे.

छापखान्याच्या परंपरेत दोष सांगण्याची रीत परिचित होती. मुद्रितशोधक समासात खुणा करी. त्याच्या नजरेतून सुटलेल्या चुका शुद्धिपत्रात जात. त्यातूनही राहिलेल्या चुका एखादा चोखंदळ वाचक पत्राने कळवी आणि पुढील आवृत्तीत त्या सुधारल्या जात. या व्यवहारात एक सोय गृहीत धरलेली होती. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, एवढे सांगितले की लेखक, मुद्रक आणि वाचक या तिघांच्याही हातातील प्रतीत तीच चूक त्याच जागी आढळे. संगणकाच्या आज्ञावलीस अशी सर्वांना समान असलेली प्रत नसते. तीच आज्ञावली एका यंत्रावर एका प्रकारे आणि दुसऱ्या यंत्रावर वेगळ्या प्रकारे वागू शकते, कारण तिचे वर्तन यंत्रातील इतर अनेक घटकांवर अवलंबून असते. म्हणून दोष ‘कोठे आहे’ हे सांगणे पुरत नाही. तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो हे सांगावे लागते. दोषनोंदीची सारी रचना या एका गरजेतून निर्माण झाली आहे.

ही रचना ज्या नोंदवह्यांतून स्थिरावली त्यांत ‘बगझिला’ हिचा उल्लेख आवश्यक आहे. नेटस्केप या न्याहाळकाच्या कामासाठी १९९८ साली ती तयार झाली आणि तिचा आराखडा पुढे अनेकांनी उचलला. तिच्या प्रत्येक नोंदीस एक क्रमांक मिळतो. नोंद करणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते : दोष पुन्हा घडवून आणण्यासाठी कोणत्या पायऱ्या कराव्यात, त्या केल्यावर प्रत्यक्ष काय दिसते, आणि काय दिसावयास हवे होते. त्यानंतर त्या नोंदीचा प्रवास सुरू होतो. प्रथम ती ‘अपुष्ट’ असते. पडताळा आला की ‘नवी’ होते. कोणाकडे तरी ‘सोपविली’ जाते. आणि अखेर ‘निकालात’ निघते. निकालही एका प्रकारचा नसतो. ‘दुरुस्त केले’ हा त्यांपैकी एक झाला. ‘हा दोषच नव्हे’, ‘दुरुस्त करणार नाही’, ‘हीच नोंद पूर्वी झाली आहे’ आणि ‘माझ्याकडे चालते’ हे इतर निकाल होत.

भाषाविचाराच्या दृष्टीने ही निकालवचने मोठी मनोरंजक आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वर्णन करणारी वाक्ये व कृती घडविणारी वाक्ये असा भेद केला होता. दोषनोंदीचा पहिला भाग हे वर्णन आहे. ते खरे किंवा खोटे ठरू शकते. ‘दुरुस्त करणार नाही’ हे मात्र वर्णन नव्हे. ते उच्चारले जाताच नोंदीची अवस्था बदलते, आणि ते उच्चारण्याचा अधिकार प्रत्येकास नसतो. सामान्य वापरकर्ता वर्णन करतो, अधिकारी व्यक्ती निकाल देते. न्यायालयातील साक्षीदार व न्यायाधीश यांच्यातील अंतर येथेही राहते. ‘माझ्याकडे चालते’ हे वचन या दोहोंच्या मधोमध लोंबकळते. रूपाने ते एका यंत्रापुरते वर्णन आहे, परंतु नोंदवहीत ते निकालाचे काम करते. बोलणाऱ्याच्या अनुभवाने ऐकणाऱ्याचा अनुभव खोडून काढण्याचा हा प्रकार असून, मराठीच्या नोंदींस त्याचा उपद्रव कसा होतो ते पुढे दिसेल.

क्षेत्रीय भाषाभ्यास केलेल्या विद्यार्थ्यास वरील तीन अपेक्षा ओळखीच्या वाटतील. निवेदकाने उच्चारलेले रूप, ते ज्या संदर्भात उच्चारले तो संदर्भ आणि ते रूप ग्राह्य की अग्राह्य याविषयीचा त्याचा निवाडा या तीन गोष्टी अभ्यासक वेगवेगळ्या टिपतो. निवेदक जेव्हा स्वतःच उपपत्ती सांगू लागतो तेव्हा ती ऐकून घेतली जाते, पण सामग्रीत मिसळली जात नाही. दोषनोंद करणाराही बहुधा हीच गल्लत करतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ किंवा ‘फाँट बिघडला आहे’ अशी तक्रार तो करतो. पहिल्या वाक्यात निरीक्षण पुरेसे नाही आणि दुसऱ्यात निरीक्षणाऐवजी निदान आहे. सायमन टॅथम या आज्ञावलीकाराने १९९९ साली दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला. लक्षणे आधी सांगावीत, निदान मागाहून, हा त्यातील एक प्रमुख आग्रह आहे. वैद्यास हे सांगावे लागत नाही, रुग्णास मात्र सांगावे लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळता येईल. मराठीत ‘र’ आणि ‘य’ यांची दोन भिन्न जोडाक्षरे आहेत. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ यांत रफार येतो. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांत आडवा, पापणीच्या केसासारखा दिसणारा अर्धा ‘ऱ’ येतो. इंग्रजीत त्यास ‘आयलॅश रा’ म्हणतात ते यामुळेच. हा भेद निव्वळ लेखनाचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्या शब्दात ‘द’ या अक्षरावर आघात येऊन ते गुरू होते. दुसऱ्यात ते लघूच राहते. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन निरोपांनी येणारी माणसे वेगळी असतात. लग्नघरी ही गफलत परवडण्यासारखी नाही.

हे अक्षर विरळ आहे असा समज असल्यास तो चुकीचा आहे. ‘रा’कारान्त व ‘री’कारान्त पुल्लिंगी नामांची सामान्यरूपे त्याने घडतात : ‘वारा’ पासून ‘वाऱ्यावर’, ‘अधिकारी’ पासून ‘अधिकाऱ्यांनी’, ‘कर्मचारी’ पासून ‘कर्मचाऱ्यांस’. ‘णारा’ प्रत्ययाने सिद्ध होणाऱ्या प्रत्येक धातुसाधिताचे सामान्यरूप ‘णाऱ्या’ असे होते. म्हणजे मराठीतील कोणताही क्रियावाचक धातू या अक्षराचा संभाव्य ग्राहक आहे. शासकीय परिपत्रकाचे एक पान घेतले तरी ते अनेकवार आढळेल. याशिवाय ‘ह’शी संयोग होऊन ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘गऱ्हाणे’ हे शब्द आणि ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ ही स्थलनामे होतात. हिंदीत या अक्षराचा व्यवहार नाही. आणि देवनागरीच्या संगणकीय साधनांची पहिली परीक्षा बहुधा हिंदीच्या मजकुरावर झाली. त्या परीक्षेत हा प्रश्नच विचारला जात नव्हता.

संकेतरचनेत या अक्षरास मिळालेले स्थान चमत्कारिक आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रमाणातील देवनागरीचा विभाग भारतीय ‘इस्की’ प्रमाणाच्या १९८८ सालच्या आराखड्यावर आधारलेला आहे. त्यात ‘र’ला षोडशमान पद्धतीने ०९३० आणि ‘ऱ’ला ०९३१ हा संकेतांक आहे. ‘ऱ’ची तेथील ओळख द्राविडी भाषांतील दंतमूलीय ‘र’च्या लिप्यंतराचे चिन्ह अशी आहे; त्याचे अर्धरूप पापणीसारखे काढावे, हे मराठीस उपयोगी पडणारे कलम त्यास जोडलेले आहे. म्हणजे मराठीचे अक्षर संकेतप्रमाणात दाक्षिणात्य पाहुण्याच्या नावावर राहते. त्यातच १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी आणखी एक मार्ग मान्य करण्यात आला : साधा ‘र’, त्यापुढे हलन्तचिन्ह आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हा डोळ्यांना न दिसणारा जोडक. दोन्ही मार्गांनी कागदावर एकच आकृती उमटते. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी लेखने आहेत. ‘ऱ’ हा एक संकेत आणि ‘र’ अधिक नुक्ता हे दोन संकेत यांची समानता प्रमाणाने मान्य केली आहे. जोडकाने केलेल्या लेखनास ती सवलत नाही.

यातून उद्भवणारा दोष रोजच्या वाचनात आढळतो. जोडक हा अदृश्य असल्याने मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या अनेक आज्ञावली त्यास केर समजून काढून टाकतात. तो गेला की उरते ‘र’ व हलन्त. त्यापुढे ‘य’ आल्यावर जुळणीयंत्रणा नियमाप्रमाणे रफार काढते. ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ होते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिले होते, संपादकाने बरोबर वाचले होते, आणि तरीही वाचकापुढे चूक आली. महाजालावरील ठिकाणांच्या नावांबाबतही असेच झाले होते : ‘२००३’ या सालाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत हा जोडक मुकाट्याने गाळला जाई, ‘२००८’च्या नियमावलीने हलन्तानंतर येणाऱ्या जोडकास जागा दिली.

समजा, घाटकोपरच्या एखाद्या टंकलेखन केंद्रात एका गिऱ्हाइकाचा अर्ज तयार होत आहे. ‘घाटकोपर’ हे नाव स्वतः निर्धोक आहे. त्यात जोडाक्षर नाही. पण ‘घाटाच्या कोपऱ्यात वसलेले’ अशी त्याची जी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते ती टंकलिखित करताच संकट उभे राहते. ‘कोपऱ्यात’ हा शब्द पडद्यावर चुकीचा उमटू शकतो, आणि तो किती प्रकारांनी चुकतो हे पाहणे उद्बोधक आहे. ‘य’वर रफार दिसला तर जोडक गळाला आहे, किंवा टंकलेखकाने ‘ऱ’ऐवजी ‘र’ची कळ दाबली आहे, इन्स्क्रिप्ट कळफलकावर ही दोन्ही अक्षरे एकाच कळीवर, एक साधे व एक शिफ्टसह, बसविलेली आहेत. पूर्ण ‘ऱ’खाली पाय मोडल्याची खूण दिसली आणि ‘य’ वेगळा उभा राहिला तर संकेत बरोबर आहेत, पण टंकात, म्हणजे व्यवहारातील फाँटमध्ये, अर्धरूपाची आकृतीच नाही. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर जुळणीयंत्रणेला तो अक्षरक्रम वैध वाटलेला नाही. नुसती रिकामी चौकट दिसली तर त्या संकेतांकासाठी टंकात काहीच नाही. पडद्यावर ठीक दिसूनही शोध घेताना शब्द सापडला नाही, तर दोन लेखनांची समानता शोधयंत्रणेस ठाऊक नाही. मूळ शब्द एक, बिघाड पाच, आणि दुरुस्त करणारी माणसे पाच निराळ्या ठिकाणची. ‘कोपऱ्यात नीट दिसत नाही’ या तक्रारीतून यांपैकी कोणता बिघाड समजावा?

घाटकोपरचे उदाहरण आणखी एका कारणाने घेण्याजोगे आहे. या परिसरात मराठीबरोबर गुजराती लिपीचाही मोठा वावर आहे. एकच मजकूर दोन्ही लिप्यांत हवा असणे तेथे अस्वाभाविक नाही. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे विभाग ‘इस्की’च्या परंपरेस अनुसरून समांतर रचले आहेत. देवनागरीच्या संकेतांकात एक ठराविक संख्या मिळविली की बहुधा गुजरातीतील तेच अक्षर मिळते, आणि लिप्यंतराच्या साध्या आज्ञावली याच युक्तीवर चालू शकतात. ‘क’, ‘ळ’, ‘घ’ या सर्वांना ही युक्ती लागू पडते. ‘ऱ’ची समांतर जागा मात्र गुजरातीच्या विभागात रिकामी आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड व मलयाळम यांत ती भरलेली आहे, कारण त्या लिप्यांत हे अक्षर खरोखरच आहे. परिणामी ‘घाटकोपर’ सुखरूप पलीकडे जाते आणि ‘कोपऱ्यात’च्या मधोमध चौकट उमटते. आज्ञावली लिहिणाऱ्याने हिंदीवरून गुजरातीत हजारो शब्द तपासले असले तरी हा खड्डा त्यास लागला नसता. तो मराठीभाषकाच्याच पायाखाली येतो; म्हणून तो कळविण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

आणि येथेच दोषनोंदीच्या नेहमीच्या रीतीतील उणीव उघडी पडते. वापरकर्ता आपल्या पडद्यावरील सदोष शब्द उचलून नोंदीत ठेवतो. जे ठेवले जाते ते आकृती नसते. ते संकेत असतात. दूर कोठेतरी ती नोंद उघडणाऱ्या माणसाच्या यंत्रावर चांगला टंक व नवी जुळणीयंत्रणा असते, त्यामुळे तेच संकेत तेथे निर्दोष आकृती धारण करतात. वापरकर्ता लिहितो, ‘हे पाहा, चुकीचे दिसते’. आणि वाचणाऱ्यास त्या वाक्याशेजारी शुद्ध ‘कोपऱ्यात’ दिसते. त्याने ‘माझ्याकडे चालते’ असा निकाल दिला तर त्यात दुष्टावा नाही. पुराव्याची वस्तूच वाटेत बरी झाली आहे. उलट, वापरकर्त्याने केवळ पडद्याचे चित्र पाठविले तर आकृती दिसते, पण तिच्यामागे तीनपैकी कोणते लेखन आहे ते समजत नाही. जोडक तर चित्रातही दिसत नाही आणि मजकुरातही. तात्पर्य, अक्षरदोषाच्या नोंदीत शब्द, त्याचे चित्र आणि त्याचे संकेतांक ही तिन्ही एकत्र असावी लागतात. ध्वनिविज्ञानात ध्वनिमुद्रण, ध्वनिलेखन व रूढ लेखन एकाखाली एक ठेवतात, त्यातलाच हा प्रकार होय. शिवाय नोंद वाचणाऱ्याला देवनागरी येतेच असे नाही; त्याला ‘य’वरचा रफार आणि ‘य’आधीची पापणी यांतील भेद दाखवून द्यावा लागतो, आणि भेदाने अर्थ बदलतो हे ‘दर्या–दऱ्या’सारख्या जोडीने पटवावे लागते. न्यूनतम युग्माचा असा उपयोग पाठ्यपुस्तकांत सांगितलेला नसतो.

नोंद कोणत्या दारी न्यावी हाही प्रश्न आहेच. मुंबई–पुणे परिसरात या सर्व थरांवर कामे झाली आहेत. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, प्रा. र. कृ. जोशी यांनी ‘रघू’ टंक घडविला. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हाही त्यांच्याच हातचा. मुक्त परवान्याखाली २००४ साली आलेल्या रेड हॅटच्या ‘लोहित’ टंकमालेच्या नोंदी त्या संस्थेच्या स्वतःच्या बगझिलात होत. जुळणीचे काम करणारी ‘हार्फबझ’ नावाची मुक्त यंत्रणा आज अनेक न्याहाळकांत व भ्रमणध्वनींत वापरली जाते. तिच्या नावात ‘हर्फ’ म्हणजे अक्षर हा आपल्या परिचयाचा शब्द आहे. तिची नोंदवही आणखी वेगळी. न्याहाळकाच्या वहीत केलेली नोंद जुळणीयंत्रणेकडे, तेथून टंककाराकडे, आणि टंककाराने ‘संकेतच चुकीचे आहेत’ म्हटल्यावर पुन्हा कळफलकाकडे, अशी फिरू शकते. प्रत्येक दारी क्रमांक नवा असतो. एकाच दोषाच्या अनेक नोंदी अनेक शब्दांत होतात, त्या ओळखून एकत्र बांधाव्या लागतात. एका शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात, असे सांगताना पतंजलीने ‘गो’ शब्दाची जी मालिका दिली आहे तिची या ठिकाणी आठवण व्हावी. ‘रफार चुकतो’, ‘य वर टोपी येते’, ‘शेतकरी शब्द बिघडतो’ या तिन्ही नोंदी एकच, हे ठरविण्यास संगणकाचे ज्ञान पुरत नाही, मराठीचे लागते.

दाद लागण्यास विलंब झाला म्हणजे वापरकर्ता स्वतःच वाट काढतो, आणि ती वाट नंतर मोडता येत नाही. ‘ॲ’ या स्वराची गोष्ट अशीच आहे. ‘बँक’, ‘कॅमेरा’ यांतील स्वर शब्दारंभी आला की मराठीत ‘अ’वर अर्धचंद्र देतात. युनिकोडमध्ये या अक्षरास स्वतंत्र संकेतांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोपर्यंत ‘अ’पुढे अर्धचंद्राचे चिन्ह टंकावे लागे. काही जुळणीयंत्रणांना स्वरापुढे मात्रा मान्य नसल्याने मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ येई. मराठी लिहिणाऱ्यांनी मग ‘अ’ आणि चिन्ह यांच्यामध्ये तोच अदृश्य जोडक घालून वर्तुळ चुकविण्याची युक्ती रूढ केली. अधिकृत संकेतांक आल्यानंतरही जुने मजकूर जसेच्या तसे राहिले. आज ‘ॲ’ची तीन लेखने शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि त्यांपैकी एका लेखनाने शोध घेणाऱ्यास उरलेल्या दोहोंतील शब्द सापडतीलच याची शाश्वती नाही. दोष नाहीसा झाला, पण त्याने टाकलेला गाळ भाषेच्या साठ्यात राहिला.

काही नोंदींचा वाद वेगळ्याच मुद्द्यावर अडतो. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची हिंदी वळणाशी तुलना केली तर आकृती निराळ्या आहेत, पण संकेतांक एकच. मराठी मजकुरात हिंदी वळणाचा ‘ल’ उमटला तर तो दोष की केवळ टंककाराची आवड? ‘काय दिसावयास हवे होते’ या तिसऱ्या रकान्यात वापरकर्ता काय लिहिणार? परंपरेचा दाखला देता येई, परंतु परदेशस्थ आज्ञावलीकारास परंपरा दाखवावी कशी? महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित करणारा निर्णय काढला तेव्हा असा एक कागद उपलब्ध झाला. वर्णनवादी भाषावैज्ञानिकास शासकीय प्रमाणीकरणाविषयी जे काही वाटावयाचे ते वाटो. दोषनोंदीच्या व्यवहारात प्रमाणाचा आधार नसलेले म्हणणे ‘हा दोषच नव्हे’ या शेऱ्याने परत येते, हे त्यास नजरेआड करता येणार नाही.

शिवाय प्रमाणही दोषमुक्त नसते. युनिकोडच्या धोरणानुसार एकदा दिलेले अक्षरनाम कधीही बदलत नाही. एका उभ्या कंसाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दातील दोन अक्षरांची अदलाबदल झाली आहे. ती चूक सर्वांना ठाऊक असून ती तशीच राहणार आहे, शेजारी केवळ शुद्ध पर्यायी नाव दिले आहे. ‘दुरुस्त करणार नाही’ हा निकाल याहून शुद्ध स्वरूपात सापडणे कठीण. पण भाषेचा अभ्यासक यावर फार हसू शकत नाही. संस्कृत ‘ह्रस्व’ आणि ‘ह्रास’ यांतील वर्णांची अशीच अदलाबदल होऊन मराठीत ‘ऱ्हस्व’ व ‘ऱ्हास’ झाले. कोणे एके काळी तीही कोणाच्या तरी दृष्टीने चूकच असेल. आज ते प्रमाण आहे, आणि जो ‘ऱ’ येथे इतका वेळ चर्चिला जात आहे त्याचाच आश्रय त्या चुकीने घेतला आहे.

विद्यापीठीय संशोधनास या प्रकरणाचा संबंध दूरचा वाटत असेल तर पुढील गोष्ट पाहावी. मराठीचा संगणकीय शब्दसंग्रह घेऊन ‘णारा’ प्रत्ययान्त रूपांची वारंवारता मोजावयाची आहे. ‘ऱ’ने लिहिलेली, जोडकाने लिहिलेली आणि जोडक गळून रफार आलेली अशी तीन रूपे त्या संग्रहात असतील. केवळ पहिल्याचा शोध घेणारा अभ्यासक उरलेली दोन वगळतो. तिन्हींस वेगळे शब्द मानणारी आज्ञावली शब्दसंख्या फुगविते. आणि सर्व ‘र्य’ सरसकट ‘ऱ्य’ करणारा उत्साही दुरुस्तीकार ‘आचार्यां’ना स्वयंपाकघरात पाठवितो. तिसरा प्रमाद सर्वांत वाईट, कारण त्यानंतर मूळ काय होते हे कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून मूळ मजकूर अबाधित ठेवून एकरूप केलेली प्रत वेगळी करावी, कोणते बदल कोणत्या नियमाने केले त्याची यादी तिच्याबरोबर ठेवावी, आणि तत्सम ‘र्य’च्या शब्दांची सूची हाताने तपासावी. ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘सौंदर्य’, ‘ऐश्वर्य’ अशी ही सूची फार मोठी होत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना वाटून दिल्यास ती एका सत्रात पुरी होण्यासारखी आहे.

दोष दुरुस्त झाल्यावर नोंद बंद होते, पण नोंदीतील शब्द वाया जात नाही. चांगल्या प्रकल्पांत तो शब्द परीक्षासंचात घातला जातो आणि आज्ञावलीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी आपोआप तपासला जातो, कारण एकदा गेलेला दोष पुढील फेरबदलात परत येणे ही नित्याची बाब आहे. या संचात कोणते शब्द असावेत हे नोंद करणाराच ठरवितो. नुसते ‘ऱ्य’ हे अक्षर पाठविले तर तेवढेच तपासले जाईल. ‘गऱ्हाणे’, ‘कऱ्हाड’, ‘ऱ्हस्व’, ‘आचाऱ्यांना’ आणि त्याच्या जोडीस ‘आचार्यांना’ असे शब्द पाठविले तर ‘ह’शी संयोग, शब्दारंभ आणि रफाराशी विरोध या तिन्ही स्थिती त्यात येतात.